न निघण्याचं धाडस

धाडस हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. समुद्राला उधाण आलेलं असताना खडकावर उभं राहून फोटो काढणारा धाडसी आणि लाल बावटा दिसत असूनही पाण्यात शिरणाराही धाडसी! दर पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावरून कुणी बुडाल्याच्या बातम्या येतात. आपण हळहळतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा सहलीला निघतो.

म्हणूनच मला पॉल कॅफिन या न्यूझीलंडच्या गृहस्थाबद्दल सांगावंसं वाटतं. २८ डिसेंबर १९८१ रोजी तो मेलबर्नजवळच्या क्वीन्सक्लिफहून निघाला आणि वल्हं मारत अख्ख्या ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घालून ३६० दिवसांनी परतला. अंतर सुमारे १५,००० किलोमीटर. वाहन काय, तर कयाक. म्हणजे कमरेपर्यंत आत बसायची, जेमतेम एका माणसाच्या रुंदीची लांबट होडी आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं एक वल्हं. जमिनीवरून मदत करणारे साथीदार होते. पण पाण्यात तो एकटाच.

या प्रवासात सर्वांत भयंकर काय? लाटा? शार्क मासे? नव्हे, किनारा! पश्चिम ऑस्ट्रेलियात झाइटडॉर्प नावाचे सरळसोट कडे आहेत. १७१२ मध्ये तिथं फुटलेल्या डच जहाजाचंच ते नाव. शंभरावर किलोमीटर जमीन डोळ्यांना दिसते, पण पाय टेकायला जागा नाही. अशा ठिकाणी एकदा निघालं की रात्रभर वल्हवत पार व्हायचं, एवढंच हाती उरतं. म्हणजे खरा निर्णय पाण्यात नव्हे, आदल्या दिवशी वाळूवर होतो. वारा, लाट, अंगातली ताकद पाहायची आणि मन नाही म्हणालं तर तंबूतच बसून राहायचं.

मी आयुष्यभर बँकेत कर्जाची प्रकरणं तपासली. आमच्याकडे ‘बुडीत’ हा शब्द रोजचा. तिथं एक गोष्ट कळली, की जोखीम घेणारा माणूस वाईट नसतो. जोखीम मोजायचीच नाही म्हणणारा वाईट. पहिल्याला कर्ज द्यावं, दुसऱ्याला चहा पाजून परत पाठवावं.

अर्थात, हिशेब चोख ठेवला म्हणून समुद्र सही करतोच असं नाही. जर्मनीच्या फ्रेया हॉफमाइस्टर यांनी २००९ मध्ये हीच प्रदक्षिणा ३३२ दिवसांत पुरी केली. कार्पेंटारियाचं आखात तर आठ दिवसांत, रात्री होडीतच झोप काढून ओलांडलं. पण त्याआधी दोनच वर्षं, २००७ मध्ये, अँड्र्यू मॅकॉली हा अनुभवी ऑस्ट्रेलियन कयाकपटू न्यूझीलंडकडे जाताना किनारा थोडक्यात राहिला असता नाहीसा झाला. होडी सापडली, तो सापडला नाही. घरी बायको आणि लहान मुलगा होता. त्याला वेडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण त्या घराचा विचार केल्याशिवाय टाळ्याही वाजवता येत नाहीत.

मग आपण मुलांना पाण्यापासून दूरच ठेवायचं का? मुळीच नाही. त्यांना पोहायला शिकवा, भरती-ओहोटीचं वेळापत्रक वाचायला शिकवा आणि ‘आज नको’ म्हणायलाही शिकवा. मित्रांच्या घोळक्यात हे शेवटचं म्हणायला सर्वांत जास्त छाती लागते.

हे ज्ञान काही परदेशातून आणायला नको. आपला कोळी भर पावसाळ्यात होडी वाळूवर ओढून ठेवतो, जाळी विणतो, वाट पाहतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावरच पुन्हा निघतो. त्याला भित्रा म्हणण्याची कुणाची प्राज्ञा आहे?