ट्रायथलॉन क्लबात नाव घालताय? आधी सगळ्यात मागचा माणूस बघा



"डॉक्टरसाहेब, ट्रायथलॉन क्लबात नाव घालू का?" हा प्रश्न अलीकडे दवाखान्यात बऱ्याच वेळा येतो. विचारणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले. शिक्षक, व्यापारी, बँकेतले कर्मचारी. कुणाचं पोट पुढे आलेलं, कुणाची बीपीची गोळी सुरू, कुणाची शुगर नुकतीच सापडलेली. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा माझं मत इथे एकदा सविस्तर लिहितो.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे, तिन्ही एकापाठोपाठ एक. सगळ्यात अवघड समजला जाणारा प्रकार म्हणजे आयर्नमॅन. त्यात ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे असते. त्याच्या निम्म्या अंतराची शर्यत २०१९ पासून गोव्यात सुरू झाली. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली. त्याच वर्षी नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली. अशा बातम्यांमुळे आपल्याकडच्या माणसाला वाटायला लागलं, की हे आपल्यालाही जमेल. ही चांगलीच गोष्ट झाली.

पण नवख्यासाठी स्प्रिंट नावाचा लहान प्रकार असतो. ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे. सुरुवात करणाऱ्याने डोळ्यासमोर हाच ठेवावा.

माझं उत्तर आहे, हो, नाव घाला. प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज एकट्याने चालायला जाणाऱ्या माझ्या बऱ्याच पेशंटचं चालणं पहिल्या पावसात बंद पडतं. एकट्याने लावलेला गजर बंद करता येतो. चौकात सायकल घेऊन तुमची वाट बघणारे चार जण बंद करता येत नाहीत. शिवाय व्यायाम तीन प्रकारचा असल्यामुळे सगळा भार गुडघ्यांवर येत नाही. एक दिवस धावलात तर दुसऱ्या दिवशी पोहता, तेवढीच सांध्यांना विश्रांती.

मात्र माझी एक अट आहे. ती एका पेशंटच्या अनुभवातून आली. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

हे गुरुजी ४७ वर्षांचे. एका गटाबरोबर दर रविवारी सायकलवर जायचे. चढ लागला की छातीत जड वाटायचं, थांबलं की पाच मिनिटांत बरं व्हायचं. गटात कुणाला सांगितलं नाही. एका रविवारी मोबाईलवरच्या ग्रुपात कुणीतरी गमतीने लिहिलं, "आज पुन्हा शेवटून पहिले कोण?" खाली हसरे चेहरे. पुढच्या रविवारी गुरुजी जड छाती घेऊन तसेच चढ चढले. त्यानंतर तीन दिवसांनी माझ्याकडे आले, तेही "ॲसिडिटीची गोळी द्या" म्हणून.

बसल्या जागी काढलेला ईसीजी नॉर्मल आला. हे नीट लक्षात ठेवा, विश्रांतीतला ईसीजी नॉर्मल असला म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्याच आहेत असं नाही. श्रमाने येणारं आणि थांबल्यावर जाणारं छातीतलं जडपण हे हृदयाचं दुखणं असू शकतं. वडील ५२ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, हे त्यांनी विचारल्यावर सांगितलं. त्यांना नांदेडला पाठवलं. अँजिओग्राफीत मोठा ब्लॉक निघाला, स्टेंट बसला. नंतर मी विचारलं, "गुरुजी, थांबला का नाहीत?" ते म्हणाले, "डॉक्टर, मागं राहायची लाज वाटली हो."

म्हणून माझी अट अशी. क्लबात नाव घालण्याआधी दोन-तीन वेळा नुसतं जाऊन बघा. तिथला सगळ्यात वेगवान माणूस बघू नका, सगळ्यात मागचा बघा. त्याच्यासोबत कुणी थांबतं का? तो "आज बरं वाटत नाही" म्हणाला तर लोक काय म्हणतात? मागचा माणूस घरी पोहोचला की नाही हे कुणी बघतं का? जिथे मागच्याची चेष्टा होते, तिथे माणसं दुखणं लपवतात. आणि लपवलेलं दुखणं व्यायामापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं. मी स्वतः ५४ व्या वर्षी सकाळच्या एका गटात जातो आणि बहुतेक वेळा शेवटचाच असतो. पुढचे लोक वळणावर थांबतात, म्हणून मी टिकून आहे.

धोका किती, हेही खरं सांगतो. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या १३५ घटना अभ्यासल्या गेल्या. प्रमाण होतं लाखात दोनपेक्षा कमी, म्हणजे फारच थोडं. पण त्यातल्या ९० घटना पोहताना घडल्या, बहुतेक पुरुषांच्या बाबतीत, आणि सरासरी वय होतं ४७ च्या आसपास. धावताना चक्कर आली तर माणूस रस्त्याकडेला बसतो. पाण्यात बसायला जागा नसते.

आपल्यापैकी अनेक जण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. त्यामुळे "मला पोहता येतं" हा विश्वास दांडगा असतो. पण विहिरीत चार हात मारणं वेगळं आणि न थांबता ७५० मीटर पोहणं वेगळं. सरावासाठी सिद्धेश्वर किंवा ईसापूरच्या पाण्यात परस्पर उतरू नका. धरणाच्या पाण्यात खोलीचा अंदाज येत नाही, गाळात पाय रुततो आणि हाकेला कुणी नसतं. जीवरक्षक असलेल्या तलावातच पोहा, आणि कधीही एकट्याने नाही.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटून बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या. चाळिशी उलटली असेल आणि सोबत बीपी, शुगर, तंबाखू किंवा घरात कमी वयात हार्ट अटॅक यातलं काही असेल, तर ट्रेडमिल टेस्ट लागते का हे जरूर विचारा. आणि पुढच्या गोष्टी लपवू नका:

- इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर व्यायामात शुगर एकदम उतरू शकते. आधी शुगर तपासा, खिशात ग्लुकोज ठेवा, सोबत्याला सांगून ठेवा.
- बीपीच्या काही गोळ्यांनी नाडीचा वेग वाढत नाही. घड्याळातला आकडा कमी दिसतो म्हणून जोर वाढवू नका. बोलता येईल इतपतच वेग ठेवा.
- कधी फिट आली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पाण्यात उतरू नका.
- सरावाआधी दुखण्याची गोळी खाऊ नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती किडनीला त्रास देते.

आपल्या उन्हाचंही ऐका. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो. तेव्हा सूर्य वर यायच्या आत सराव संपवा. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात, तोवर अंतर निम्मं ठेवा. तहानेप्रमाणे पाणी प्या, लांबच्या सरावात मीठ-साखरेचं पाणीही घ्या. नुसतं पाणी ढसाढसा पिणंही घातक आहे, रक्तातलं सोडियम उतरतं. उन्हात कुणी असंबद्ध बोलायला लागलं तर तो उष्माघात समजा. सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा.

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा आणि सोबत्याला सांगा. एकट्याने घरी जाऊ नका.

ते गुरुजी हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीने आता पुन्हा सायकल चालवतात, पण सपाट रस्त्यावर आणि दुसऱ्या गटाबरोबर. परवा म्हणाले, "डॉक्टर, आता मी शेवटी असतो आणि सगळ्यांना सांगून असतो."

तुम्हीही क्लबात जा. पदक मिळो न मिळो, आठवड्यातल्या तीन सकाळी तुमच्या झाल्या तरी पुष्कळ आहे. फक्त पहिल्या दिवशी तिथल्या लोकांना आपली बीपी, शुगर आणि गोळ्या सांगा. ऐकून घेणारी माणसं असतील तर तिथेच नाव घाला.