इंदिराराजेंचा फोटो आणि आमचं नाक

परवा सकाळी चहा घेता घेता मोबाईल उघडला, तर आमच्या घराण्याच्या ग्रुपवर एक जुना फोटो आलेला. डोक्यावरून हलकेच घेतलेला शिफॉनचा पदर, गळ्यात मोत्यांचे सर, आणि नजर अशी की समोरच्यानेच खाली बघावं. फोटोखाली ओळ : 'आपली मराठमोळी राजकन्या, बडोद्याच्या इंदिराराजे गायकवाड, कूचबिहारच्या महाराणी.' त्याखाली फुलं, हृदयं, जोडलेले हात. एका वहिनींनी लिहिलं, "काय तो रुबाब!" एका पुतण्याने लिहिलं, "घराणं लपत नाही हो."

मीही अंगठा देणार होतो. बोट तिथपर्यंत गेलंही होतं. मग आठवलं, याच ग्रुपवर याच मंडळींनी चार महिन्यांपूर्वी काय काय लिहिलं होतं. हातातला चहा तसाच गार झाला.

मंडळी, आजचा लेख खास तुमच्यासाठी आहे. रागावलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी त्या फोटोतल्या बाईंची गोष्ट सांगतो. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, सन-सनावळी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

इंदिराराजे म्हणजे महाराजा सयाजीराव गायकवाडांची मुलगी. जन्म १८९२ चा. बडोद्याच्या कॉलेजात शिकलेली. तिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं. मराठ्यांची दोन बलाढ्य संस्थानं, दोन्हींना एकवीस तोफांची सलामी. याहून मोठं स्थळ कुठून आणणार? फक्त एवढंच, की शिंदे तिच्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे होते, त्यांची पहिली पत्नी हयात होती, आणि ग्वाल्हेरला राणीने पडद्यात राहायचं असे.

१९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्जचा दिल्ली दरबार भरला. त्या दरबारात सयाजीराव बादशहापुढे नीट वाकले नाहीत, पाठ फिरवून परतले, म्हणून केवढा गहजब झाला हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. त्याच दरबारात त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलीची गाठ कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी पडली. कूचबिहार म्हणजे बंगालच्या उत्तरेचं तेरा तोफांचं संस्थान. जितेंद्र धाकटा मुलगा, म्हणजे गादीची आशा नाही. जात वेगळी, वळण ब्राह्मो समाजाचं, राहणी साहेबी. म्हणजे आपल्या भाषेत 'कशातच बसत नाही' असं स्थळ!

मुलीने काय करावं? घरात कुणालाही न सांगता तिने थेट शिंद्यांनाच पत्र लिहिलं, की मला हे लग्न करायचं नाही. बडोद्यात लग्नाची तयारी चाललेली, आणि ग्वाल्हेरहून वडिलांच्या हातात तार आली, राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय? तेव्हा आईबापांना कळलं. ही हकीकत इंदिराराजेंची मुलगी, जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी आपल्या आठवणींत सांगितली आहे. माझं इंग्रजी बेताचं, पण शब्दकोश शेजारी ठेवून ते पुस्तक मी वाचलं.

आता पुढची गंमत बघा. गंमत म्हणतो, पण हसू येत नाही. हे वडील कोण? ज्यांनी १९०४ साली बालविवाहाविरुद्ध कायदा केला, १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, ते सयाजीराव. आणि आई? महाराणी चिमणाबाई. भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १९११ सालीच प्रसिद्ध झालं! पुढे १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली, तिच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच. एवढी मोठी माणसं. पण स्वतःची मुलगी 'नाही' म्हणाली तेव्हा त्यांनाही ते सोसलं नाही. दीड वर्ष घरात धुसफूस चालली. अखेर १९१३ साली लंडनमध्ये लग्न झालं, आणि लग्नाला आईबाप नव्हते.

सयाजीरावांना मी आजही मानतो. त्याच १९१३ साली त्यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला शिकायला गेले, हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो. पण एवढा द्रष्टा माणूसही घराच्या उंबऱ्यात अडखळला, हे मात्र कधी सांगितलं नाही. पुस्तकात नव्हतं, आणि मलाही सुचलं नाही.

आता चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. नाव लिहीत नाही, तुम्हाला कळलंच आहे.

आमच्या भावकीतली नात. पुण्यात नोकरी करते, स्वतःचं कमावते. सुपारी फुटली, साखरपुडा झाला, हॉल ठरला, पत्रिका छापून आल्या. मग मुलाकडून एकेक कळायला लागलं. नोकरीचं लग्नानंतर आई म्हणेल तसं बघू. पगार आईच्या हातात द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. पोरीने आठ दिवस विचार केला, मुलाला फोन करून 'नाही' सांगितलं आणि मग घरी सांगितलं. क्रम तोच, बडोद्याचा. आधी पत्र ग्वाल्हेरला, मग तार बापाला.

आणि आपण काय केलं? "जास्त शिकवलं की हे असं होतं." "पत्रिका वाटून झाल्यावर?" "आता धाकटीला कोण करणार?" ही वाक्यं मी रचलेली नाहीत, ग्रुपवर अजून आहेत. वर सरकवत जा, सापडतील. त्यातल्याच एका हाताने परवा इंदिराराजेंना हृदय पाठवलं आहे.

माझा मुद्दा एवढाच आहे. तुम्ही ज्याला रुबाब म्हणता तो त्या शिफॉनमध्ये नाही. शिफॉन बाजारात मिळतं. ती मान अशी ताठ आहे, कारण एकोणिसाव्या वर्षी तिने एकवीस तोफांच्या स्थळाला स्वतःच्या हाताने नकार लिहिला. तुम्हाला तो नकार नको, त्यातून आलेली ऐट तेवढी हवी. तीही शंभर वर्षं जुनी, काळ्या-पांढऱ्या फोटोतली, परक्या घरातली.

त्या पांढऱ्या शिफॉनचीही एक गोष्ट आहे. इंदिराराजेंचं लग्न झालं आणि काही आठवड्यांत थोरले दीर वारले, जितेंद्र गादीवर आले. पण १९२२ साली तेही गेले. वय अवघं छत्तीस, दारूने घात केला. इंदिराराजे तिसाव्या वर्षी विधवा झाल्या, पदरात पाच मुलं. थोरला मुलगा अज्ञान, म्हणून १९३६ पर्यंत संस्थानाचा कारभार त्यांनी पाहिला. विधवेने पांढरं नेसायचं ना? बरं. त्यांनी पांढरं नेसलं, पण फ्रान्सहून मागवलेलं तलम शिफॉन, आणि ताठ मानेने युरोपभर वावरल्या. बाकीच्या राण्यांनी मग त्यांचं बघून शिफॉन उचललं.

माझी आई १९५८ साली विधवा झाली. तीही तिशीतलीच. घरात हळदीकुंकू असलं की ती चुलीपुढे बसून राहायची, बाहेर यायची नाही. कुणी तिला 'बस तिथे' म्हणत नव्हतं, म्हणावं लागतच नव्हतं. त्या फोटोतला पदर बघताना मला ती चुलीपुढची पाठ दिसली. फॅशन म्हणून हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही हो.

आता तुमचे आक्षेप. माझ्याकडे येऊन सांगाल, त्यापेक्षा इथेच घेतो.

पहिला : 'ती राजकन्या, तिचं चाललं.' उलट आहे. राजकन्येला पगार नव्हता, स्वतःची खोली भाड्याने घेता येत नव्हती. तिच्या नकाराने दोन संस्थानांचा संबंध बिघडत होता. आपल्या पोरीच्या नकाराने हॉलची आगाऊ रक्कम बुडाली.

दुसरा : 'बघा, मनासारखं केलं आणि नऊ वर्षांत कपाळ पुसलं.' हे बोलणाऱ्याने जरा जिभेला आवर घालावा. ठरवून केलेल्या लग्नात माणसं मरत नाहीत का? माझे वडील गेले, त्यांचं लग्न पत्रिका बघूनच झालं होतं. नकाराचा हक्क पुढचं सुख बघून द्यायचा नसतो.

तिसरा : 'मुलाकडच्यांचं काय?' शिंद्यांनी दुसरं लग्न केलं, १९१६ साली मुलगा झाला, ग्वाल्हेरची गादी चालली. कुणाचं काही बुडालं नाही.

चौथा आक्षेप मात्र मला मान्य आहे. फ्लॉरेन्सचा फेरागामो नावाचा जगप्रसिद्ध चांभार, त्याच्याकडे या बाईंनी शंभरावर जोड बनवायला टाकले होते, आणि काहींवर बसवायला स्वतःचे हिरे-मोती पाठवले होते. हा पैसा कुठला? रयतेचा. अनवाणी शाळेत येणारी मुलं मी शिकवली आहेत, त्या जोड्यांचं कौतुक मला होत नाही. त्यांना देवी करून मखरात बसवा असं मी म्हणत नाहीच. पुढे गायत्रीदेवींनी दोन राण्या असलेल्या जयपूरच्या महाराजांशी लग्न करायचं म्हटलं, तेव्हा याच इंदिराराजेंनीही 'थांबा' म्हणून पाहिलं होतं. ते लग्न १९४० साली झालं. बंडखोर मुलगी आई झाली की तिलाही उंबरा उंच वाटतो. पण नेमकं हेच बघा, जोड्यांचं कौतुक ग्रुपवर आलं, पत्राचं आलं नाही.

शेवटी माझं. ते स्थळ मीच आणलं होतं. मुलाचे वडील माझ्या जुन्या ओळखीचे. पोरीने मोडलं म्हटल्यावर पहिला फोन मीच केला, आणि "तू आमचं नाक कापलंस" हे वाक्य माझ्याच तोंडचं आहे. ती वाद घालेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "बरं आबा. रात्रीची गोळी घेतलीत का?" आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन नाही.

आम्ही कराडकर प्रीतिसंगमाचं केवढं कौतुक करतो. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला नेतो. नाव तर प्रीतिसंगम! नद्यांनी आपल्या मनाने वळण घेतलेलं आम्हाला चालतं. काल संध्याकाळी तिथल्या बाकावर बसूनच मी तिला फोन लावला. माफी मागितली, ग्रुपवरही मागतो आहे.

ती म्हणाली, "राहू द्या हो आबा, पुढच्या शनिवारी येते." तिला स्टँडवरून आणायला मी जाणार आहे. ज्यांनी परवा फोटोला हृदयं पाठवली त्यांनीही त्या दिवशी घरी यावं, चहाला. आणि तिच्यासमोर बसून म्हणावं, "काय तो रुबाब!"