संगीताचें शास्त्र बोटांत असावें

नांदेड व लातूर येथील कित्येक घरांत गिटार हें वाद्य आतां अपरिचित राहिलेलें नाहीं. मुलें मोठ्या हौसेनें तें हातीं घेतात. परंतु शास्त्राचें नांव निघतांच त्यांचे चेहरे उतरतात. थाटांचीं नांवें परीक्षेपुरतीं घोकावयाचीं आणि उत्तरपत्रिका देऊन येतांच विसरावयाचीं, असा प्रघात पडला आहे. ह्यांत दोष मुलांच्या स्मरणशक्तीचा नसून शिकण्याच्या रीतीचा आहे, असें आमचें मत आहे.

ह्या बाबतींत आम्हांस दूर जावयास नको. तेराव्या शतकांत आपल्याच मराठवाड्यांतील देवगिरीस, यादव राजा सिंघण याच्या पदरीं, जमाखर्चाचा अधिकारी असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. श्रुति २२ आहेत एवढें सांगून तो थांबला नाहीं. दोन सारख्या वीणांस प्रत्येकीं २२ तारा लावाव्या, एक तशीच ठेवून दुसरी क्रमाक्रमानें उतरवावी आणि कानानें खात्री करून घ्यावी, असा प्रयोग त्यानें दिला. शास्त्र व वाद्य यांची फारकत त्यास मान्य नव्हती.

गिटार तर ह्या कामीं उत्तम साधन आहे. मोकळी तार षड्ज मानिली, तर १२ व्या पडद्यावर ती बरोबर अर्धी होऊन वरचा षड्ज मिळतो. तेथवर पोहोंचतांना २, ४, ५, ७, ९ व ११ हे पडदे दाबले कीं बिलावल थाट उभा राहतो. मध्यम एक पडदा पुढें न्यावा, कल्याण झाला. मध्यम जागेवर ठेवून गंधार व निषाद एकेक पडदा मागें आणावे, काफी झाला. पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं सांगितलेले दहाही थाट असे एकाच तारेवर मांडतां येतात. स्वराचें नांव मोठ्यानें उच्चारावें, मग तो वाजवावा. दुसऱ्या दिवशीं षड्ज दुसऱ्याच पडद्यावर धरून तेंच करावें. मग जागा नव्हे, तर अंतर ध्यानांत राहतें. आणि जें अंतर एकदां बोटांस कळलें, तें सहसा विसरत नाहीं.

पडद्यांवर श्रुतींचे सूक्ष्म भेद मिळत नाहींत, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. त्यासाठीं तंबोऱ्यापाशीं बसून कान तयार केलाच पाहिजे. तथापि तारेवर सळई फिरवून गिटारवर राग उभे करणारे पंडित ब्रिजभूषण काब्रा आपल्याच देशांत होऊन गेले, हेंही विसरूं नये.

पालकांस आमची एकच विनंती आहे. शास्त्रांत गुण किती पडले, हें मुलास अवश्य विचारावें. परंतु त्यापुढें, “बाळ, काफी वाजवून दाखव, आणि कोणते दोन स्वर हलले तें सांग,” असेंही म्हणावें. उत्तर बोटांतून आलें, तर शिकवणीचे पैसे सार्थकीं लागले असें समजावें.