आधी आपण पडायचं, बॉस!

सातपूर म्हटलं की काय आठवतं? एमआयडीसी, शिफ्ट सुटल्यावरची गर्दी आणि त्र्यंबक रोडचं ट्रॅफिक. बरोबर? पण याच सातपुरात संध्याकाळी एका हॉलमध्ये माणसं चक्क ठरवून पडतात. ज्युदोचा क्लास! गेले काही महिने मीही तिथे पडतेय.

पडण्याबद्दल आपला फंडा पक्का असतो. कुस्तीत पाठ मातीला लागली की माणूस चीत, विषय संपला. ज्युदोतही समोरच्याने तुम्हाला जोरात, वेगात आणि कंट्रोलने पाठीवर टाकलं, की त्याला 'इप्पोन' आणि खेळ खलास. मग 'तोमोए-नागे' बघताना डोकं चक्रावतं. कारण या डावात आपली पाठ आपणच आधी मॅटवर टाकायची! जिगोरो कानो यांनी १८८२मध्ये टोकियोत कोदोकान सुरू केलं. तिथल्या वर्गीकरणात अशा डावांचा वेगळा गटच आहे, सुतेमी-वाझा. सुतेमी म्हणजे स्वतःचा देह झोकून देणं.

तर करायचं कसं? समोरच्याची कॉलर आणि बाही घट्ट धरा. तो ढकलायला लागला की तुमची वेळ आली. तो मागे रेलून उभा असेल तर नाद सोडा! हातांनी पुढे आणि वर खेचून त्याला चवड्यांवर आणा. एक पाय त्याच्या दोन पायांमध्ये खोल टाका आणि त्याच टाचेला चिकटून खाली बसा. दुसरं पाऊल त्याच्या ओटीपोटावर, पट्ट्याजवळ. लाथ मारायची नाही, फक्त टेकवायचं. हनुवटी छातीला, पाठ गोल. मागे लोळताना हात डोक्याकडे ओढत राहा आणि पाय सरळ करा. साहेब तुमच्या डोक्यावरून पलीकडे!

खरी गोची आहे 'अर्धवट'मध्ये. घाबरून लांब बसलात की समोरचा थेट तुमच्या अंगावर येतो. आमच्या बॅचमधली एक मुलगी, वजन जेमतेम पंचेचाळीस किलो, कंपनीतली शिफ्ट संपवून येते आणि पंचाहत्तर किलोच्या गड्याला अशी उडवते की बघत राहावं. पण खरी गंमत नंतर आहे. तो पडेपर्यंत ती त्याची बाही सोडत नाही. हवेत असताना त्याची मान तिच्या भरवशावर असते ना!

म्हणूनच सर सुरुवातीचे कित्येक दिवस डाव शिकवतच नाहीत. फक्त 'उकेमी', म्हणजे पडायचं कसं ते. नजर पट्ट्याच्या गाठीवर, डोकं वर, हाताने मॅटवर सण्णकन थाप. मागे, बाजूला, पुढे लोळून. शंभर वेळा. बोअर होतं, पण त्याशिवाय कुणी कुणाला हात लावायचा नाही, हा रूल आहे.

तेव्हा व्हिडिओ बघून घरच्या गादीवर मित्राला उडवायचा प्लॅन असेल, तर कॅन्सल करा. कोच हवा, मॅट हवी. आणि डेरिंग? ते समोरच्याला पाडायला कमी लागतं, स्वतः पूर्ण पडायला जास्त. आहे का?