सापडलेले नाणे आणि आपली जबाबदारी

विहाराच्या पायाचे खोदकाम असो, शेततळे असो की रोजगार हमीचा बंधारा. जमिनीतून जुने नाणे निघाले की दोन गोष्टी लगेच घडतात. कोणीतरी ते चिंचेने घासून चकचकीत करतो आणि कोणीतरी त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो. संध्याकाळपर्यंत ते 'सम्राट अशोकाचे नाणे' झालेले असते. आता तर मेटल डिटेक्टर घेऊन टेकाडे उकरणारे आणि त्याचे व्हिडिओ करणारेही निघालेत. माझे म्हणणे स्पष्ट आहे : बौद्ध इतिहास पुसला गेला म्हणून आपण ओरडतो, आणि हाताशी आलेला पुरावा मात्र आपल्याच हाताने पुसतो.

आधी अशोकाचे बघू. मौर्यकाळात चालणारी चांदीची नाणी आहत नाणी होती. म्हणजे चांदीच्या तुकड्यावर सूर्य, वृक्ष, टेकडी अशी चिन्हे ठोकलेली. त्यांच्यावर अक्षरे नसतात, राजाचे नावही नसते. त्यामुळे 'अशोकाचे नाव कोरलेले नाणे' म्हणून कोणी काही दाखवत असेल, तर तो एकतर फसलेला आहे किंवा फसवतो आहे.

एक नाणे किती बोलू शकते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. 1906 साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलथेंबी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. एकाच नाण्यावर हरलेल्या आणि जिंकलेल्या राजाच्या खुणा! सातवाहन आणि क्षत्रप यांच्या संघर्षाचा यापेक्षा ठोस पुरावा कोणता? पण नव्या छापाखाली नहपानाच्या अक्षरांचे पुसट अवशेषच उरतात. ती नाणी कोणी राखेने घासली असती, सोनाराकडे वितळवली असती, तर हा पुरावा तिथेच संपला असता.

आता याच काळातल्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत जा. नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख तिथे आहे. भिक्खुसंघासाठी त्याने तीन हजार कार्षापणे विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवली. त्यातल्या दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज. वर्षाचे होतात 240. त्यातून वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापणे. हिशेब बरोबर जुळतो. राजघराण्यातला माणूस विणकरांच्या संघटनेकडे विश्वासाने पैसे ठेवतो आणि श्रमकऱ्यांची श्रेणी बँकेचे काम करते. शिलालेखातला आकडा आणि जमिनीतले नाणे शेजारी ठेवले, की बौद्ध संघामागचे अर्थकारण उभे राहते. 1923 साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना हे वेगळे सांगायला नको.

इथे आपल्याला न आवडणारी गोष्टही सांगितली पाहिजे. हाच उषवदात ब्राह्मणांना लाखो गायी दान दिल्याचेही लिहून ठेवतो. गौतमीपुत्राच्या छापावर तीन कमानींचे चिन्ह आहे. कोणी त्याला चैत्य म्हणतात, कोणी पर्वत. पण त्याच गौतमीपुत्राची आई नाशिकच्या लेखात त्याला 'एकबम्हण' म्हणवते, आणि त्याच लेखात भिक्खूंना लेणे दान देते. म्हणून चिन्ह दिसले की 'राजा बौद्ध होता' असे ठोकून देणे हा अभ्यास नव्हे. मिनँडरच्या नाण्यांवर बहुतेक वेळा ग्रीक देवी अथेना आहे. त्याचा 'मिलिंद' आपल्याला 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथातून कळतो. याउलट कनिष्काच्या काही नाण्यांवर उभा बुद्ध आहे आणि शेजारी ग्रीक लिपीत 'बोद्दो' असे नावच लिहिले आहे. तिथे बिनधास्त दावा करा. केसमुत्तच्या कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विसंबू नका म्हणून सांगितले. तो उपदेश आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही लागू आहे.

मग नाणे सापडले तर काय करायचे? घासायचे नाही. ते कोणत्या जागी, किती खोलीवर, कशासोबत सापडले ते लिहून ठेवायचे. दोन्ही बाजूंचे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढायचे. वजन आणि व्यास मोजायचा, लिपी ओळखायची. आहत कार्षापणाचे वजन साधारण साडेतीन ग्रॅमच्या आत भरते, नहपानाचे नाणे त्याहून हलके असते. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, जाणकारांना दाखवता येते. डिटेक्टर वाजला म्हणून उपसलेले नाणे मात्र मातीच्या थरापासून तुटते आणि निम्मी साक्ष गमावते. संरक्षित स्थळी असे खोदणे तर गुन्हाच आहे. आणि 'तांदूळ ओढणाऱ्या' नाण्याच्या नावाने लाखोंची टोपी घालणाऱ्यांना गावात उभे करू नका.

शेवटचा मुद्दा हक्काचा. नाणे लागते ते मजुराच्या कुदळीला. तो पोलिसांना घाबरतो, मुकादम ते काढून घेतो आणि माल बाजारात जातो. 1878 चा निखात निधी कायदा काय म्हणतो? दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. ठेव्याला मालक नसेल आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा, उरलेला जमीनमालकाचा. सरकारने ठेवा घेतला तर किंमत आणि वर एक पंचमांश. लपवले तर वाटा जातो, शिक्षाही होते. हे आपल्या वस्तीतल्या किती मजुरांना माहीत आहे?

म्हणून प्रत्येक विहारात वंदनेनंतर महिन्यातून एक तास ब्राह्मी लिपीचा वर्ग घ्या आणि या कायद्याची माहिती फळ्यावर लिहा. ज्याची कुदळ इतिहासाला लागते, त्याला तो इतिहास वाचताही आला पाहिजे आणि त्यातला वाटाही मिळाला पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!