लेखणी आणि सूर

आमच्या भद्रावतीच्या घरांत लहानथोर मिळून चौदा माणसें आहेत. त्यांतील थोरली नात कथा लिहिते. गेल्या महिन्यांत एका सायंकाळीं ती माजघराच्या कोपऱ्यांत वही घेऊन बसली होती. कानांत इअरफोन, आणि दोनदां हाक मारूनही ओ नाहीं. आमच्यांतला शाळामास्तर जागा झाला. "एका चित्तानें दोन कामें होत नाहींत," असें आम्हीं तिला सुनावलें. ती वही मिटून निमूटपणें उठून गेली.

रात्रीं वाटलें, विचार न करतांच आम्हीं निकाल दिला. सूर आणि लेखणी यांचें खरोखर वैर आहे काय? आमच्या रंगभूमीचा अनुभव तर उलट आहे. 'मानापमान' (१९११) नाटकाच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, 'स्वयंवर' (१९१६) नाटकाच्या भास्करबुवा बखले यांच्या. त्या चाली ऐकून खाडिलकरांनीं त्यांच्या मापानें पदें बांधलीं. परंतु पदाला सूर हाच सांचा असतो. गद्याची गोष्ट निराळी. बाणभट्टाच्या ज्या 'कादंबरी'चें नांव आपण या वाङ्मयप्रकारास दिलें, ती गद्यांतच आहे, आणि तिची लय तिच्या वाक्यांतूनच उमटते. लिहिणारा प्रत्येक वाक्य मनांत उच्चारून पाहतो. त्याच वेळीं परक्याचे शब्द कानांत शिरले तर दोहोंची गर्दी होते. सलामे व बॅडले या मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग १९८९ सालीं प्रसिद्ध झाले. अंक क्रमानें ध्यानांत ठेवतांना शब्दयुक्त गाण्यानें जितका व्यत्यय येतो, तितका केवळ वाद्यसंगीतानें येत नाहीं, असें त्यांना आढळलें. अंक आठवणें म्हणजे कथा लिहिणें नव्हे. तरी दिशा कळते.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं नातीला सांगितलें, "ऐकायचेंच असेल तर सतार ऐक, सनई ऐक, गाणें नको."

ती म्हणाली, "आजोबा, मी गाणें ऐकण्यासाठीं नाहीं हो लावत. घर ऐकूं येऊं नये म्हणून लावतें."

आम्ही निरुत्तर झालों. कुकरच्या शिट्या, दूरदर्शनच्या बातम्या, धाकट्यांचीं भांडणें, आणि वर्तमानपत्र मोठ्यानें वाचण्याची आमची स्वतःची खोड! मुलांच्या परीक्षांच्या वेळीं याच घरांत सर्व जण दबक्या पावलांनीं वावरत. नातीच्या कथेसाठीं तसें कोणी वावरल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. परीक्षेला गुण मिळतात, कथेला मिळत नाहींत. आमचा हिशेब एवढाच होता.

आतां रात्रीं नऊ ते दहा आमची पुढची खोली तिची असते व दूरदर्शन बंद असतें. प्रथम थोडी कुरकुर झाली, ती ओसरली. दुरून भांदक स्थानकावरील गाडीची शिटी तेवढी ऐकूं येते. तिची अडचण होत नाहीं, असें नात म्हणते. इअरफोन टेबलावर पडून असतो.

वाचकहो, आपल्याही घरीं कोणी कानांत सूर घालून लिहीत असेल, तर त्याला उपदेश अवश्य करावा. पण त्याआधीं, त्याला काय ऐकूं यायला नको आहे, तें विचारावें.