वारस कोण?

दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या लग्नाचा विषय निघाला की पारावर हशा पिकतो. पुण्यात मात्र अशा लोकांसाठी बिंदुमाधव खिरे यांनी २००२ सालीच समपथिक ट्रस्ट काढला.

सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी या लग्नाला मान्यता नाकारली. कायदा करणे संसदेचे काम, असे सांगितले. म्हणजे वीस वर्षे एका चुलीवर जेवलेला जोडीदार वारस नाही. सातबाऱ्यावर नाव चढते भावा-पुतण्यांचे! हे मला तरी पटत नाही. २०२४ साली केंद्राने रेशनकार्ड व संयुक्त बँक खात्यापुरती वाट मोकळी केली. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. स्वकष्टार्जित मिळकतीचे मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर करावे. शेतजमिनीचे नियम वेगळे; तेथे आधी वकिलाला विचारावे.